दृष्टीची परवानगी : शाळेचे कुलूप आणि घराचा पहारा

दिव्य कुरआनच्या सूरह नूरमध्ये अल्लाहने घरातील एका साध्या गोष्टीविषयी आज्ञा दिली आहे. ती इतकी घरगुती आहे की वाचणारा सहज पुढे निघून जातो. आयत ५८ चा आशय असा की, घरातील सेवकांनी आणि अद्याप वयात न आलेल्या मुलांनीही दिवसातून तीन वेळा थोरांच्या खोलीत परवानगी घेऊनच प्रवेश करावा : फजरच्या नमाजपूर्वी, दुपारी माणूस कपडे सैल करून विसावतो तेव्हा आणि इशाच्या नमाजनंतर. इतर वेळी त्यांनी मोकळेपणाने ये-जा करण्यास हरकत नाही. लगेच पुढच्या आयतीत सांगितले आहे की, हीच मुले वयात आली म्हणजे त्यांनी थोरांप्रमाणे प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी.

ही परवानगी कशासाठी? याचा उलगडा हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्या हदीसमधून होतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. एक मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या खोलीत दाराच्या फटीतून डोकावत होता. हे कळताच आदरणीय प्रेषितांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि परवानगी घेण्याचा नियम मुळात नजरेसाठीच ठरविला गेला आहे, हे त्याला समजावून दिले. म्हणजे पाऊल उंबऱ्याच्या आत गेले नाही, तरी नजर आत गेली की प्रवेश झाला.

प्रिय वाचकहो, हे सूत्र लक्षात ठेवून आजच्या विषयाकडे वळू या. आपल्या मुलांच्या हातात आज अशी एक फट आहे, जिच्यातून साऱ्या जगाच्या खोल्यांत डोकावता येते. तिचे नाव मोबाइलवरील चित्रफिती. शाळा या फटीवर पडदा कसा टाकतात, तो कोठवर पुरतो आणि उरलेले काम कोणाचे, हे आपण पाहणार आहोत.

फोन घरात आला कसा?

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. त्यानंतर महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा आपण सर्वांनी ऐकली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेले क्यूआर कोड फोनने टिपले की 'दीक्षा' या शासकीय मंचावर त्या धड्याचे साहित्य उघडते. हा मंच २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू झाला होता. परंतु त्याची खरी ओळख घराघरांत झाली ती त्या टाळेबंदीत. ज्या घरात एकच साधा फोन होता, तेथे कर्ज काढून स्मार्टफोन घेतला गेला. आपल्या सिन्नरमध्ये विड्या वळणाऱ्या मायमाउलींनी आठवड्याच्या मजुरीतून हप्ते फेडले आहेत. म्हणून मुलांच्या हाती फोन देणाऱ्या पालकांना सरसकट दोष देणे अन्यायाचे आहे. फोन घरात आला तो वही-पुस्तकाच्या जागी, विद्येचे साधन म्हणून.

मात्र साधन एका कामासाठी आले, तरी ते त्याच कामापुरते राहत नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनच्या वापराविषयी विचारले होते. मागील आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी फोन वापरल्याचे सांगणारी मुले ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगणारी ७६ टक्के. हे आकडे मुलांना दोषी ठरविण्यासाठी दिलेले नाहीत. दार उघडे असले की पाय कोणीकडे वळतात, एवढेच ते दाखवितात.

शाळेची कुलुपे

शाळा चित्रफितींवर नियंत्रण ठेवतात त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे संपूर्ण बंदी. शाळेच्या जाळ्यावरून यूट्यूबसारखे संकेतस्थळ उघडतच नाही. हा उपाय सोपा आहे, परंतु त्यात सुक्याबरोबर ओलेही जळते. आजकाल बहुतेक संकेतस्थळांची देवाणघेवाण बंद लिफाफ्यासारखी असते. बाहेरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. मुलगा यूट्यूबवर गेला हे शाळेच्या यंत्रणेला कळते. तो हृदयाचे कार्य शिकतो आहे की काही अश्लील पाहतो आहे, हे सहसा कळत नाही. म्हणून सारे बंद किंवा सारे खुले, असा पेच निर्माण होतो.

दुसरा प्रकार या पेचातून निघाला. यूट्यूबमध्येच 'रिस्ट्रिक्टेड मोड' नावाची एक चाळणी आहे. शाळेचा संगणक यूट्यूबचा पत्ता विचारतो, तेव्हा शाळेची यंत्रणा त्याला नेहमीच्या पत्त्याऐवजी चाळणी लावलेल्या यूट्यूबचा पत्ता देते. मग त्या जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला चाळलेलेच दिसते आणि चित्रफितींखालील शेरेही दिसत नाहीत. ही चाळणी चित्रफितीचे शीर्षक, वर्णन, वयाची अट अशा खुणांवरून निवड करते. खुणा फसव्या असल्या की चाळणीही फसते. कधी वाईट ते सुटते, तर कधी चांगले अडकते. कोणतीही चाळणी शंभर टक्के अचूक नसते, हे ती बनविणारी कंपनी स्वतःच सांगते.

तिसरा प्रकार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यात वाईट ते शोधून बंद करायचे नसते. सारे बंद ठेवून चांगले तेवढे निवडून उघडायचे असते. ज्या शाळेत संगणकांचे जाळे सांभाळणारा वेगळा माणूस नसतो, तेथेही हे शक्य आहे. गुरुजी धड्याची चित्रफीत आधी स्वतः पाहतात, उतरवून ठेवतात आणि इंटरनेट बंद करून वर्गातील मोठ्या पडद्यावर सर्वांना एकत्र दाखवितात. मध्येच थांबवून प्रश्न विचारतात. त्यात पुढची चित्रफीत आपोआप सुरू होत नाही, जाहिरात येत नाही आणि कोणी एकटे बसून पाहत नाही.

फिकहच्या अभ्यासकांना येथे दोन परिचित तत्त्वे आठवतील. वस्तू मुळात मुबाह म्हणजे अनुमत असतात, हे एक. हरामकडे नेणारी वाट आधीच बंद करावी, ज्याला 'सद्द-ए-जराए' म्हणतात, हे दुसरे. जाणत्या माणसाच्या व्यवहारात पहिल्या तत्त्वाला मोठी जागा आहे. लहान मुलाच्या बाबतीत दुसऱ्याचे वजन वाढते, कारण वाट कोठे जाते हे त्याला अद्याप कळत नसते.

जगातही हीच चर्चा चालू आहे. इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांनी चाळणी बसवलीच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने २००० मध्ये केला. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांच्या फोनवर कायद्याने बंदी घातली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. त्यात यूट्यूबही आहे. परंतु खाते नसले तरी यूट्यूबवर चित्रफीत पाहता येते. म्हणजे एवढ्या मोठ्या कुलपालाही फट राहिलीच.

माझी एक चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, परंतु तिच्यावाचून हा धडा अपुरा राहील.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मकतबमधील बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मगरिबपूर्वी वजूखान्याच्या मागे दोन मित्रांना फोनवर काही दाखवीत होता. मी पाहिले. ते पाहण्याजोगे नव्हते. मी फोन हिसकावून घेतला, त्याला सर्वांसमोर उभे केले आणि मोठ्या आवाजात बोललो. नमाजीही जमले होते. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा आला नाही. आठवडा गेला, दुसराही गेला. तो लाजेने तोंड दाखवीत नसेल, सुधारला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अखेर मी त्याच्या घरी गेलो. वडील मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला असतात. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. ती म्हणाली, "मौलाना, फोन बंद करूं तो स्कूल का अभ्यास कैसा करेगा?" शाळेचा गृहपाठ फोनवर येत होता आणि तिला स्वतःला वाचता येत नव्हते. मुलगा दाराआड उभा होता. पुष्कळ वेळाने तो बोलला. शाळेतील संगणकावर असे काही उघडत नाही, हे त्याने आधी सांगितले. घरी तो विज्ञानाच्या धड्याची चित्रफीत पाहत होता. ती संपल्यावर दुसरी आपोआप सुरू झाली, मग तिसरी. पहिल्यांदा त्याने घाबरून फोन उलटा ठेवला होता. आईला सांगावे असे त्याला वाटले, पण शब्द सापडले नाहीत. मला सांगण्याचा विचारही मनात आला होता; माझ्या रागाची भीती वाटली. नंतर त्याने स्वतःहून शोधून पाहिले.

वाचकहो, त्या दिवशी मला कळले की त्या मुलापुढे दोन दारे होती. एक उघडायला नको होते, ते उघडे होते. दुसरे उघडे असायला हवे होते, ते माझे होते आणि ते बंद होते. शाळेने आपले कुलूप लावले होते. ते शाळेच्या फाटकाशी संपले, यात शाळेचा दोष नाही. फाटकाबाहेरचा पहारा माझा आणि त्याच्या घरचा होता.

मुस्नद अहमदमधील हजरत अबू उमामा (रजि.) यांची हदीस मी मदरशात शिकलो होतो. एका तरुणाने प्रेषितांकडे चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी त्याला जवळ बोलावून बसविले. तुझ्या आईच्या बाबतीत तुला हे आवडेल काय, मुलीच्या, बहिणीच्या, आत्या-मावशीच्या बाबतीत आवडेल काय, असे एकेक करून विचारले. प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. मग त्याच्यावर हात ठेवून, त्याचे पाप माफ व्हावे, मन शुद्ध व्हावे आणि शीलाचे रक्षण व्हावे, अशी दुआ केली. त्यानंतर तो तरुण त्या वाटेकडे वळला नाही. ही हदीस मी मुलांना किती वेळा ऐकविली असेल! आचरणाची वेळ आली तेव्हा मी ओरडणाऱ्या लोकांत उभा होतो.

मी त्या मुलाची माफी मागितली. तो आता पुन्हा मकतबमध्ये येतो, मागच्या ओळीत बसतो. अजून तो माझ्याकडे पूर्वीसारखे सरळ पाहत नाही. तो दिवस येईल, अशी अल्लाहकडे आशा आहे.

सोपविण्याची कुरआनी पद्धत

कायमचे बंद हे उत्तर नाही आणि एकदम खुले हेही नाही. मग कसे? सूरह निसाच्या पाचव्या-सहाव्या आयतींत अनाथांच्या मालमत्तेविषयी जी शिकवण आहे, तिच्यात याचे मार्गदर्शन मिळते. अजाण व्यक्तीच्या हाती संपत्ती सोपवू नये. तिच्या गरजा मात्र त्यातून भागवाव्यात आणि तिच्याशी गोड बोलावे. अनाथ मुलांची वेळोवेळी पारख करीत राहावे. ती विवाहयोग्य वयाला पोहोचल्यावर त्यांच्यात 'रुश्द' म्हणजे समंजसपणा दिसला की त्यांचे त्यांच्या स्वाधीन करावे, आणि सोपविताना साक्षीदार ठेवावेत.

येथे चार पायऱ्या आहेत : राखणे, गरज भागविणे, पारखणे आणि सोपविणे. धनाला हा नियम आहे, तर ज्या नजरेतून मनावर ठसे उमटतात तिला तो किती अधिक लागू व्हावा! लहान मुलाला थोरांच्या शेजारी बसून निवडलेले तेवढेच दाखवावे. थोडा मोठा झाला की ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या वेळेपुरता, सर्वांच्या देखत फोन द्यावा. नियम पाळतो का, चुकल्यावर सांगतो का, हे पाहावे. जसजशी समज दिसेल तसतशी मोकळीक द्यावी. केवळ वय पाहून नव्हे, समज पाहून.

पारख मात्र उघडपणे व्हावी. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत दुसऱ्यांची गुपिते धुंडाळण्यास मनाई आहे. 'तुझा फोन मी पाहणार आहे' असे आधी सांगून पाहणे ही देखरेख आहे. मूल झोपल्यावर चोरून पाहणे ही हेरगिरीच्या वाटेची सुरुवात आहे. पहिल्याने मूल सावध होते, दुसऱ्याने ते लपवायला शिकते.

एका गावाची सायरन

कोणी म्हणेल, एकट्या घराने हे कसे करावे? शेजारच्या घरात फोन चालूच असतो. याचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडते. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक निर्णय घेतला. रोज सायंकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरील सायरन वाजते. साडेआठपर्यंत घराघरांतील टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात. कोरोनाच्या काळात मुलांना लागलेली पडद्याची सवय तुटावी, हा त्यामागील हेतू होता. या नियमातील मर्म असे की, फोन केवळ मुलांनी नव्हे, थोरांनीही बाजूला ठेवायचा होता.

ती वेळ पाहा. वर्षातील बराच काळ ती मगरिब आणि इशा यांच्या दरम्यानची आहे. बुखारीतील हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसनुसार सांज उतरताना मुलांना घरात आवरून धरावे आणि काही वेळाने मोकळे सोडावे, अशी प्रेषितांची शिकवण आहे. इशानंतर गप्पांत जागत बसणे त्यांना आवडत नसे. सूरह नूरमधील तीन वेळांतही इशानंतरची वेळ आहेच. भलाईच्या कामात परस्परांना साहाय्य करावे, ही सूरह माइदाची आज्ञा आहे. ज्या गावाने हे केले, त्याचे आपण मोकळ्या मनाने कौतुक करावे आणि आपल्याला तर दिवसातून पाच वेळा अजानची हाक मिळते, हे आठवून थोडे लाजावेही.

आतला पहारेकरी

एवढे सारे केले तरी एक क्षण असा येतोच, जेव्हा मूल एकटे असते, फोन हातात असतो आणि कुलूप नसते. त्या क्षणासाठी हजरत लुकमान यांचा आपल्या मुलाला केलेला उपदेश आहे (सूरह लुकमान, आयत १६). मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात, आकाशात वा धरतीत कोठेही दडलेली असो, अल्लाह ती समोर आणील. लक्षात घ्या, या उपदेशाची सुरुवात धमकीने होत नाही, 'माझ्या बाळा' अशा लाडक्या हाकेने होते. अल्लाह पाहतो आहे, ही जाणीव मुलाच्या मनात भीतीबरोबर मायेनेही रुजायला हवी. जो पाहतो, तोच सांभाळतो आणि परतून येणाऱ्याला माफही करतो, हे त्याला कळले पाहिजे. नाहीतर चुकलेले मूल त्याच्यापासूनही लपू पाहते.

ही जाणीव मुलाला कोण देणार? सूरह नूरच्या तिसाव्या आणि एकतिसाव्या आयतींत नजर खाली ठेवण्याची आज्ञा प्रथम ईमानधारक पुरुषांना आणि मग स्त्रियांना, म्हणजे जाणत्यांना दिली आहे. मुलांचे कुलूप तपासण्यापूर्वी बापाने स्वतःच्या फोनमधील इतिहास तपासावा. प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, या प्रसिद्ध हदीसमध्ये घरचा पुरुष आणि घरची स्त्री या दोघांचा वेगवेगळा उल्लेख आहे.

या धड्यातून घ्यावयाचा बोध

१. शाळेत चित्रफिती कशा दाखविल्या जातात, हे पालकांनी गुरुजींना आदराने विचारावे. चाळणी नसेल तर आधी पाहून, उतरवून, एकत्र दाखविण्याची विनंती करावी. शाळेच्या कुलपाला विरोध करू नये आणि सारा भारही त्यावर टाकू नये.

२. घरच्या फोनवर यूट्यूबमधील रिस्ट्रिक्टेड मोड चालू करावा आणि पुढची चित्रफीत आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. स्वतःला जमत नसेल तर जाणत्या नातलगाकडून करून घ्यावे. आमच्या मशिदीत शुक्रवारी असरनंतर दोन तरुण हे काम करून देतात. प्रत्येक वस्तीत असे दोन तरुण सापडतील.

३. मगरिब ते इशा घरातील सर्वांचे फोन एका जागी ठेवावेत, थोरांचेही. इशानंतर मुलांच्या अंथरुणात फोन जाऊ देऊ नये.

४. अभ्यासाची चित्रफीत मुलाने घरच्यांच्या समोर बसून पाहावी. आईला वाचता येत नसले तरी तिचे शेजारी असणे हीच मोठी चाळणी आहे.

५. मुलाला आधीच सांगून ठेवावे : चुकून काही वाईट दिसले तर मला येऊन सांग, मी रागावणार नाही. मग खरोखर रागावू नये. इमामांनी आणि शिक्षकांनीही हे वचन द्यावे आणि पाळावे.

६. मूल चुकलेले आढळले तर चारचौघांत बोलू नये. जवळ बसवावे, विचारावे, त्याच्यासाठी दुआ करावी.

हे अल्लाह, आमच्या नजरा आणि आमच्या मुलांच्या नजरा पवित्र ठेव. आम्ही बंद करावयाची दारे बंद करण्याची आम्हाला शक्ती दे, आणि आमच्या लेकरांसाठी आमची स्वतःची दारे सदैव उघडी ठेवण्याची सद्बुद्धी दे. आमीन.